नव्या शिक्षकाचे पहिले दिवस

(शास्ते १२:१-६, नहेम्या ८:१-८, मत्तय २६:६९-७५, मार्क ४:३३, ३४, याकोब ३:१. हे उतारे आधी वाचावे व मग पुढील पाठ हाती घ्यावा.)

याकोबाने आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच शिक्षक होऊ पाहणाऱ्यांस जो इशारा दिला आहे, तो वाचून आम्हांस पूर्वी नवल वाटत असे. शिकविण्याचे काम इतके चांगले, मंडळ्यांत शिकविणाऱ्यांची इतकी वाण, आणि याकोब सांगतो की पुष्कळांनी ह्या कामात पडू नये! पुढे त्याच अध्यायात जिभेविषयी जे सविस्तर लिहिले आहे ते वाचले म्हणजे उलगडा होतो. शिक्षकाचे हत्यार जीभ आहे. सुताराचा हात चुकला तर लाकूड फुकट जाते. शिक्षकाची जीभ चुकली तर काय फुकट जाते, हे आम्ही सेमिनरीत जाण्यापूर्वीच एका खेड्यातील शाळेत शिकलो. तेच आज वाचकांपुढे ठेवतो. आमच्या मंडळ्यांतील काही मुलेमुली हल्ली अध्यापक विद्यालयात जातात, त्यांस ह्याचा उपयोग व्हावा. परंतु ज्या उपदेशक बंधूंस पुढच्या रविवारी शब्बाथ शाळेत दहाबारा लेकरांपुढे प्रथमच उभे राहावयाचे आहे, त्यांनी तर हे अवश्य वाचावे.

आम्ही विशीत असताना डी. एड.च्या वर्गात होतो. ह्या शिक्षणक्रमात विद्यार्थ्यास काही दिवस खऱ्या शाळेत जाऊन खरा वर्ग चालवावा लागे. तेव्हा त्यास छात्रसेवाकाल म्हणत, हल्ली आंतरवासिता म्हणतात. आमच्या वाट्यास चोपड्याहून तापीच्या अंगास असलेले एक खेडे आले. काळी जमीन, कपाशी आणि केळीचे मळे. दोन खोल्यांत चार इयत्ता. आमच्याकडे पहिली व दुसरी एकत्र बसत. हाताखाली नव्हे, तर डोक्यावर एक वयस्कर वर्गशिक्षक होते, ज्यांस सारा गाव नुसते गुरुजी म्हणे.

पहिल्या दिवशी आम्ही टाचणवही घेऊन गेलो. तीत पस्तीस मिनिटांचा पाठ लिहिलेला होता. हर्बर्ट (१७७६-१८४१) नावाच्या जर्मन पंडिताच्या अनुयायांनी पाठाच्या ज्या पाच पायऱ्या ठरविल्या त्या आम्हांस तोंडपाठ होत्या, आणि प्रत्येक पायरीपुढे मिनिटांचा आकडा घातला होता. तो पाठ बाराव्या मिनिटास संपला. राहिलेल्या तेवीस मिनिटांत काय करावे हे वहीत कोठेच नव्हते. ज्याने कधी वर्ग चालविला नाही त्यास तेवीस मिनिटे म्हणजे काय ह्याची कल्पना यावयाची नाही. आम्ही विचारले, “समजले का?” सर्व वर्ग एका सुरात म्हणाला, “हो सर!” आम्हांस फार समाधान वाटले. मग काय समजले ते सांगा म्हणताच सगळे पाटीकडे पाहू लागले.

ह्या “हो सर”विषयी थोडे थांबून लिहिणे भाग आहे, कारण ह्याने जितके शिक्षक फसतात तितके दुसऱ्या कशानेही फसत नाहीत. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात फिलिप्पाने रथात बसलेल्या कूशी अधिकाऱ्यास असाच प्रश्न केला, व त्या मनुष्याने सरळ सांगितले की कोणी वाट दाखविल्यावाचून मला कसे कळावे. हे उत्तर द्यावयास तो मोठ्या हुद्द्याचा मनुष्य होता. त्यास फिलिप्पाचे भय नव्हते. सहा वर्षांचे लेकरू असे उत्तर देत नाही. त्यास ठाऊक असते की “हो” म्हटले की सर खूष होतात व प्रश्न संपतो. मंडळीत उपदेशानंतर आपण असेच विचारतो, आणि माणसे असेच “हो” म्हणतात. ज्यास खरोखर पाहावयाचे आहे की समजले किंवा नाही, त्याने तो प्रश्न टाकून द्यावा. गोष्ट मुलांच्या तोंडून परत ऐकावी, चित्र काढून घ्यावे, किंवा मुलांस एकमेकांस सांगावयास लावावे.

दुसऱ्या दिवसापासून गलबला सुरू झाला. कपाटावर एक छडी पडलेली असे. आम्ही ती कोणावर उगारली नाही, पण टेबलावर आपटली. एक श्वास शांतता होई, आणि मग पहिल्याहून अधिक आवाज. बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा तेव्हा झालेला नव्हता. त्याच्या सतराव्या कलमाने पुढे शाळेत शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. ह्यातील दुसऱ्या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. आम्ही मारले नाही म्हणून स्वतःस चांगले समजत होतो. तिसऱ्या दिवशी गुरुजी दारात येऊन उभे राहिले, आत आले आणि इतक्या हळू बोलू लागले की पुढच्या ओळीतील मुलांसही ऐकण्यासाठी मान पुढे करावी लागली. वर्ग चिडीचूप झाला. बाहेर आल्यावर त्यांनी आम्हांस एवढेच सांगितले की मास्तरचा आवाज चढला की पोरांचा चढतो. ह्या युक्तीची किंमत आमच्या सगळ्या टाचणवहीहून जास्त निघाली, हे येथे कबूल करतो.

आता ज्या गोष्टीकरिता हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो.

चौथ्या दिवशी शरीराच्या अवयवांचा पाठ होता. भिंतीवर चित्र टांगले होते. दुसरीतील एका मुलास उभे करून आम्ही चित्रातील डोळ्यावर बोट ठेवले व विचारले, हे काय? तो म्हणाला, “डोया.” खानदेशात बहुतेक सर्वत्र सामान्य लोक ळ ह्या अक्षराऐवजी य बोलतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. डोळा तो डोया, काळा तो काया, जळगाव ते जयगाव. आम्ही स्वतः ह्याच भाषेत वाढलेलो होतो. परंतु चार वर्षे शहरात राहून आमची जीभ सुधारली होती, आणि सुधारलेल्या जिभेस एक प्रकारचा ताठा येतो. आम्ही म्हटले, “डोया नव्हे. डोळा. म्हण.” तो म्हणाला, “डोया.” पुन्हा म्हण. “डोया.” वर्ग हसू लागला. आम्ही त्या हसण्यास आवर घातला नाही. उलट, लिहिण्यास लाज वाटते, आम्हीही थोडे हसलो. तिसऱ्यांदा म्हणावयास सांगितले तेव्हा त्याने ओठ मिटले. तो खाली बसला, आणि त्यानंतर नऊ दिवस आमच्या वर्गात एक शब्दही बोलला नाही. हजेरीस हात वर करी. पाटीवर लिही, तेही थोडके. विचारले तर मान खाली.

आम्हांस वाटले, मुलगा मंद आहे. टाचणवहीच्या मागच्या पानावर आम्ही तसे लिहूनही ठेवले होते.

आठ दिवसांनी हातपंपावर त्याची आई भेटली. ती मजुरीस जात असे, आणि मुलाचा बाप केळीच्या मळ्यात कामास होता. आम्ही मोठ्या काळजीच्या सुरात सांगितले की तुमचा मुलगा बोलत नाही. ती बाई आमच्याकडे पाहतच राहिली. म्हणाली, “घरमा तं रातदिन बोलत ऱ्हास. शायामा काबर बोलस नही?” तिने तो प्रश्न आम्हांसच केला. तिला खरोखर उत्तर हवे होते. आमच्याजवळ उत्तर होते, पण ते तिला देण्याचे धैर्य नव्हते.

शास्ते ह्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील कथा आम्ही लहानपणापासून ऐकली होती, पण त्या रात्री ती प्रथम वाचली असे म्हणावे लागेल. इफ्ताहाच्या गिलादी लोकांनी यार्देनेचे उतार धरले होते. पळून जाणारा एफ्राइमी नदीवर आला की ते त्यास एकच शब्द म्हणावयास सांगत: शिब्बोलेथ. एफ्राइमी लोकांस श म्हणता येत नसे. तो सिब्बोलेथ म्हणे. तेवढ्यावरून त्यास ठार करीत. त्या प्रसंगी बेचाळीस हजार पडले असे शास्त्र सांगते. दोघेही इस्राएलच, दोघांचा देव एक, बाप अब्राहाम एक. मध्ये एक नदी आणि एक अक्षर. तापीच्या काठी राहणाऱ्या माणसास ही कथा परक्या देशाची वाटू नये. आम्ही वर्गाच्या दारास नदीचा उतार केला होता. ज्याच्या तोंडून ळ निघेल तो पलीकडे जाईल, ज्याच्या तोंडून य निघेल तो अलीकडेच राहील, असा आमचा नियम होता. फरक इतकाच की आमच्या हाती तलवार नव्हती, हसणे होते.

ह्या कथेस जोडून मत्तयाच्या सव्विसाव्या अध्यायातील प्रसंग पाहावा. प्रमुख याजकाच्या अंगणात जवळ उभे असलेले लोक पेत्रास त्याच्या बोलण्यावरून ओळखतात. पेत्र गालीली होता. यरुशलेमचे लोक गालीलकरांच्या उच्चारांची थट्टा करीत. तालमूद नामक यहूदी ग्रंथात अशी एक गोष्ट आहे की एक गालीली मनुष्य काही विकत मागू लागला, तेव्हा लोकांनी त्यास विचारले, अरे मूर्खा, तुला बसावयास गाढव पाहिजे, की प्यावयास द्राक्षारस, की पांघरावयास लोकर, की कापावयास कोकरू? कारण त्याच्या तोंडी हे चारही शब्द एकसारखेच निघत. आता विचार करावा की आमचा प्रभू कोठे वाढला. नासरेथ गालीलात आहे. पेत्र बोले त्याच प्रांतात आमचा तारणारा बोलावयास शिकला. यरुशलेमेतील शास्त्र्यांनी त्याचा दाखला तपासला असता तर आमच्या टाचणवहीत त्या मुलाविषयी होता तसलाच शेरा त्याच्याही नावापुढे पडला असता, असे आम्हांस वाटते. आणि तो कसा शिकवी? मार्क चौथ्या अध्यायात सांगतो की लोकांच्या ऐकण्याच्या शक्तीप्रमाणे तो त्यांस वचन सांगे. बियाणे, दिवा, खमीर, जाळे. ऐकणाऱ्याच्या घरात जे होते तेथून तो सुरुवात करी.

आम्ही जे केले होते ते गुरुजींस सांगितले. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचा पाठ स्वतः घेतला व आम्हांस मागच्या ओळीत मुलांबरोबर बसविले. त्यांनी केळ्यांची एक फणी आणली होती. तिच्यावर हात ठेवून त्यांनी मुलांस त्यांच्याच बोलीत विचारले, “तुमना घर याले काय म्हनतस?” वर्गाने ओरडून सांगितले, “केयी!” त्यांनी फळ्यावर लिहिले: केयी. मग त्याच्या समोर लिहिले: केळी. हे आपले, आणि हे पुस्तकाचे, असे ते म्हणाले. कोणते बरोबर, कोणते चूक, हा विषयच त्यांनी काढला नाही. मग डोया आणि डोळा. काया आणि काळा. माया आणि माळा. पाचसहा जोड्या झाल्यावर मुलांपैकीच एकाने शोध लावला की आपण जेथे य म्हणतो तेथे पुस्तक ळ म्हणते. गुरुजींनी त्यास शाबासकी दिली. तेवढ्यात दुसरा उठून म्हणाला, “मंग गायले गाळ म्हननं का, सर?” सगळे हसले, गुरुजीही हसले, आणि प्रश्न करणारा सर्वांत मोठ्याने हसला. मग गुरुजींनी गाय, पाय, माय हे शब्द वेगळे मांडून दाखविले की हा नियम सगळीकडे लागत नाही, पुस्तकातील शब्द डोळ्यांनी पाहून शिकावा लागतो. अर्ध्या घटकेत दुसरीच्या मुलांनी जे व्याकरण केले ते आम्हांस अध्यापक विद्यालयात कोणी सांगितले नव्हते. एकाच वर्गात आम्ही दोन प्रकारचे हसणे पाहिले. त्यांतील भेद ज्यास कळला त्याने मानसशास्त्राचे पुस्तक मागून वाचले तरी चालेल.

आमचा मुलगा मात्र त्या दिवशीही बोलला नाही. तो ऐकत होता, त्याचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर आला नाही. शब्दाने झालेली जखम चांगल्या पाठाने लगेच भरत नाही. गुरुजी म्हणाले, ह्याला शिकवू नका. ह्याला शिकवायला लावा. पहिलीची पाच मुले अजून अक्षरे गिरवीत होती. गुरुजींनी ओसरीवर बारीक वाळू पसरली आणि त्या मुलास सांगितले की ह्यांची बोटे धरून अक्षरे काढून घे. बाकी काही सांगितले नाही. आम्ही आत वर्ग घेत होतो. थोड्या वेळाने ओसरीवरून एक आवाज येऊ लागला, जो आम्ही नऊ दिवसांत ऐकला नव्हता. तो पहिलीतल्या एका पोरास दटावीत होता. अगदी आमच्याच सुरात.

ह्या युक्तीचा इतिहास आम्हांस पुढे सेमिनरीत कळला, व तो वाचकांस रुचेल असे वाटते. अँड्र्यू बेल नावाचे स्कॉटलंडातील पाद्री १७८७ साली मद्रासेस आले व दोन वर्षांनी तेथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमाची देखरेख पाहू लागले. मुलांस मुळाक्षरे यावयास फार काळ लागे. एके दिवशी फेरफटका करीत असता त्यांनी एका देशी शाळेतील मुलांस वाळूत बोटाने अक्षरे काढताना पाहिले. त्यांनी आपल्या शाळेतील पगारी शिक्षकास तसे करण्यास सांगितले. त्यास ते जमेना, किंवा त्याने ते जमविले नाही. तेव्हा बेल साहेबांनी जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्यास त्या वर्गावर नेमले. मोठ्या माणसास जे जमले नाही ते ह्या मुलाने करून दाखविले. १७९७ साली बेल साहेबांनी ह्याची हकीकत लंडनात छापली, आणि पुढे मोठी मुले लहानांस शिकवितात ही पद्धत मद्रास पद्धत ह्या नावाने दूरदूरच्या देशांत गेली. मूळ वाळू मात्र आपल्या देशातील. आपल्याकडील जुन्या पंतोजींच्या शाळेतही धूळपाटी होतीच, आणि मोठा मुलगा लहानास पाढे सांगत असेच.

तरी ह्या पद्धतीची फार स्तुती करू नये. लंडनात जोसेफ लँकेस्टर नावाच्या गृहस्थांनी अशीच शाळा काढली. ते छडीच्या विरुद्ध होते, पण चुकणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवीत व टोपलीत बसवून छतास टांगीत, यासाठी की इतरांनी त्यास हसावे. मारणे बंद झाले आणि हसणे सुरू झाले. शिवाय पुढे पुष्कळ ठिकाणी ही पद्धत थोड्या पैशांत पुष्कळ मुले कोंबण्याचे साधन झाली. लहानग्याने लहानग्यास शिकवावे ते शिकविणाऱ्याच्या कल्याणाकरिता; शिक्षकाचा पगार वाचावा म्हणून नव्हे.

नव्या शिक्षकाच्या पहिल्या दिवसांविषयी लिहिताना महाराष्ट्रात एक नाव टाळता येत नाही. सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यातील मुलींच्या शाळेत त्या शिकवू लागल्या, तेव्हा त्यांचे वय सतराअठरा वर्षांचे होते. म्हणजे हल्ली ज्या वयात मुली अध्यापक विद्यालयात प्रवेश घेतात तेच. शिकविण्याचे शिक्षण त्यांस अहमदनगरास अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाईंच्या व पुण्यास मिचेल बाईंच्या हाताखाली मिळाले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फरार बाई १८२७ साली मुंबईस आल्या व १८६२ साली नगरास वारल्या. मुलींस शिकविण्यात त्यांचे सारे आयुष्य गेले. शाळेत जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण व चिखल टाकीत, आणि म्हणून त्या सोबत दुसरे लुगडे नेत, ही गोष्ट आता लेकरांसही माहीत आहे. आम्ही ती पूर्वी मोठ्या आवेशाने सांगत असू. परंतु त्या मुलाच्या प्रसंगानंतर ती सांगताना आमचा आवाज खाली येतो. सावित्रीबाईंवर जे पडले ते शाळेबाहेरून पडले, आणि दार लावले की आत मुली सुरक्षित होत्या. आमच्या शाळेवर बाहेरून कोणी काही टाकले नाही. त्या मुलावर जे पडले ते फळ्याच्या बाजूने आले.

फुले यांच्या शाळेत शिकलेली मांग समाजातील मुक्ता नावाची मुलगी आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहू शकली, आणि तो १८५५ साली ज्ञानोदय पत्रात छापून आला. ज्या शाळेत मुलीच्या तोंडून अशी वाणी निघते तेथे पहिल्या दिवशी कोणीतरी तिचे बोलणे नीट ऐकून घेतले असले पाहिजे, असे आमचे अनुमान आहे.

बोलीविषयी आणखी दोन शब्द. आमच्या जळगावजवळच्या असोदे गावच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) ह्यांस लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या व गाणी त्यांच्या मरणानंतर १९५२ साली ग्रंथरूपाने निघाली, आणि आज सारा महाराष्ट्र ती आदराने वाचतो. त्या आमच्या वर्गात दुसरीत असत्या तर आम्ही त्यांस तीन वेळा “डोळा” म्हणावयास लावून खाली बसविले असते. पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) संस्कृताच्या महापंडिता. तरी त्यांनी इब्री व ग्रीक शिकून जे पवित्र शास्त्राचे भाषांतर केले, आणि जे त्यांच्या मरणानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले, त्यात त्यांचा कटाक्ष असा होता की साध्या अशिक्षित स्त्रीसही ते कळावे. युनेस्को नावाच्या सार्वराष्ट्रीय संस्थेने १९५३ साली मातृभाषा हेच शिक्षणाचे उत्तम माध्यम असा अहवाल दिला. २००९ च्या कायद्याने व २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथवर तेच सांगितले. पण कायद्यात मातृभाषा म्हणजे मराठी असे आपण समजून चालतो. आमच्या चोपडे तालुक्याच्या उत्तरेस सातपुड्याच्या पायथ्याशी जी पावरा, बारेला व भिल्ल लेकरे पहिलीत येतात, त्यांस अहिराणीही परकी व पुस्तकी मराठीही परकी. अहिराणी बोलणाऱ्यास एक अक्षर ओलांडावयाचे आहे. त्यांस सबंध नदी. तेथे नेमलेल्या शिक्षकाने निदान पन्नास शब्द त्यांच्या बोलीतील शिकूनच वर्गात पाऊल ठेवावे: ये, बस, पाणी, भूक, आई, दुखते का, घाबरू नको. हे पन्नास शब्द त्याने कोणाकडून शिकावे? त्या लेकरांकडूनच. पहिला आठवडा त्यांस शिक्षक होऊ द्यावे.

नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लाकडी मंचकावर उभा राहून सकाळपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो. लोक बाबेलच्या प्रांतातून परत आलेले. पुष्कळांच्या तोंडी आता अरामी भाषा बसली होती, असे बहुतेक भाष्यकार मानतात. म्हणून लेवी लोकांमध्ये उभे राहून अर्थ उलगडून सांगत होते. एज्रा एक, मंच एक. पण अर्थ सांगणारे पुष्कळ, आणि ते खाली लोकांत. आमच्या उपदेशक बंधूंनी हा अध्याय शब्बाथ शाळेच्या दृष्टीने पुन्हा वाचावा. आपण मंचक करतो. खाली उतरून सांगणारे लेवी नेमीत नाही.

येथवर लिहून लेखणी ठेवणार होतो, पण एक गोष्ट राहते, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. शाळेतील तो धडा आम्ही शिकलो असे आम्हांस वाटत होते. पाळक झाल्यावर काही वर्षांनी आमच्या मंडळीत गुरुवारच्या प्रार्थनासभेत एक वृद्ध मावशी प्रार्थना करीत होत्या. शास्त्रातील एक नाव त्यांच्या तोंडून वेडेवाकडे निघाले. सभा संपल्यावर आम्ही प्रेमाने, अगदी प्रेमाने, त्यांस ते नाव नीट म्हणून दाखविले. त्या “हो पाळकसाहेब” म्हणाल्या. त्यानंतर त्या सभेस येत, पण प्रार्थनेस तोंड उघडीत नसत. आमच्या हे ध्यानी यावयास किती काळ लागला हे लिहीत नाही. शाळेत नऊ दिवस लागले होते. येथे त्याहून पुष्कळ अधिक लागले.

शेवटी आम्ही त्यांच्या घरी गेलो, ओसरीवर बसलो, आणि तो शाळेतील मुलगा, वाळू, “डोया”, सर्व त्यांस सांगितले. त्यांनी पुष्कळ वेळ ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले की तो पोऱ्या पुढे बोलू लागला का. बोलू लागला, असे आम्ही सांगितले. आमच्या शेवटच्या दिवशी त्याने पहिलीच्या पाच मुलांस आमच्यापुढे उभे करून प्रत्येकाकडून अक्षरे वाचून घेतली होती, आणि ळ हे अक्षर आले तेव्हा आमच्याकडे तिरक्या नजरेने पाहिले होते. मावशी हसल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांनी प्रार्थना केली, सगळी घरच्या बोलीत. त्यातील दोन शब्द आमच्याही ध्यानात आले नाहीत. सभेनंतर आम्ही त्यांस त्यांचा अर्थ विचारला, तेव्हा त्यांनी तो सांगितला, आणि ते शब्द आमच्याकडून दोनदा म्हणवून घेतले.